ओझरच्या आकाशाची वाटणी: एका धावपट्टीचं प्रकरण

नाशिकच्या विमानतळाचा विषय निघाला की बोलणं दोन प्रश्नांभोवती फिरतं: अमुक शहराला विमान का नाही, आणि आहे ते विमान वेळेवर का नाही. उत्तरं देताना आपण प्रवासी संख्या, तिकिटांचे दर आणि कंपन्यांची गणितं मोजतो. हा विमानतळ ज्या ओझरला आहे, तिथल्या वरच्या आकाशाचा विचार क्वचितच होतो. ते आकाश एकाच वेळी अनेकांना हवं असतं, आणि त्या अनेकांचं वेळापत्रक एकमेकांना वेळेत कळतंच असं नाही. हवाई वाहतूक व्यवस्थापनाचं आधुनिकीकरण म्हणजे नेमकं काय करायचं, हे समजून घ्यायला या आकाशाइतकं चांगलं उदाहरण मला महाराष्ट्रात दुसरं दिसत नाही.

कोणाकोणाचं आकाश

ओझरला जुनी माणसं अजूनही ‘ओझर मिग’ म्हणतात. मिग-२१ बनवण्यासाठी १९६४ मध्ये इथे कारखाना उभा राहिला, तो आजचा हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा (एचएएल) नाशिक विभाग. तीन हजार मीटरची धावपट्टी एचएएलचीच. शेजारी हवाई दलाचा ११ बेस रिपेअर डेपो. मिग गेले, सुखोई-३० आले, त्यांची बांधणी आणि मोठी दुरुस्ती इथे होऊ लागली. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकमध्ये बनलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए ने इथूनच उड्डाण केलं. एचटीटी-४० या प्रशिक्षण विमानाची जुळणीही आता इथे आहे. याचा साधा अर्थ असा, की येत्या वर्षांत ओझरवरून चाचणी उड्डाणं वाढणार.

त्याच धावपट्टीवर, जानोरीच्या बाजूला, २०१४ पासून प्रवासी टर्मिनल आहे. नैऋत्येला वीसेक किलोमीटरवर गांधीनगरची लष्करी धावपट्टी. तिथे लष्कराच्या वैमानिकांना हेलिकॉप्टरवर तयार करणारी कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल. त्याला लागून देवळाली आणि तिथलं तोफखान्याचं स्कूल. तोफेचा गोळा कमान घेऊन जातो, म्हणून सराव चालू असेल तेव्हा त्या पट्ट्यातलं आकाश ठरावीक उंचीपर्यंत बंद ठेवावं लागतं. आग्नेयेला सरळ रेषेत सुमारे ७० किलोमीटरवर शिर्डी विमानतळ, २०१७ पासून सुरू. आणि दीडशे-एकशे साठ किलोमीटरवर मुंबई, जिथे डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईची भर पडली आहे. मुंबईकडे उतरणाऱ्या आणि तिथून चढणाऱ्या विमानांच्या रांगा आपल्या डोक्यावरच्या आकाशाला खेटूनच जातात.

यात कोणी आगंतुक नाही. प्रत्येकाचं काम खरं आहे, आणि बहुतेकांचं काम धोक्याचंही आहे. ४ जून २०२४ रोजी एक सुखोई निफाड तालुक्यात शिरसगावच्या शिवारात कोसळलं. दोन्ही वैमानिक वेळेत बाहेर पडले म्हणून वाचले. चाचणी उड्डाणाला मोकळं आकाश का द्यावं लागतं, हे इथल्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको.

एक सकाळ

आता एक दिवस कल्पनेनं समोर ठेवू. अशी वाटणी असलेल्या कुठल्याही विमानतळावर तो येऊ शकतो.

हिवाळ्यातली स्वच्छ सकाळ आहे. चाचणी उड्डाणासाठी आकाशाचा एक पट्टा दोन तास राखलेला आहे. नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीची जाहीर सूचना, निघाली आहे; मुंबईच्या एरिया कंट्रोलला, म्हणजे मोठ्या टापूतली विमानं हाताळणाऱ्या केंद्राला, ते ठाऊक आहे. त्याच दोन तासांत दिल्लीहून एक प्रवासी विमान पोचणार आहे. इकडे लढाऊ विमान हँगरबाहेर आलं, इंजिन सुरू झालं, आणि जमिनीवरच्या तपासणीत एक स्नॅग, म्हणजे बिघाड, निघाला. सॉर्टी, म्हणजे ती उड्डाणफेरी, रद्द. विमान परत आत.

ही बातमी टॉवरला रेडिओवरून काही सेकंदांत कळते. कंट्रोलर त्या सॉर्टीची स्ट्रिप, म्हणजे नोंदीची पट्टी, कागदाची असो वा पडद्यावरची, बाजूला काढतो. इथपर्यंत सगळं चोख आहे. पुढची पायरी मुंबईला फोन करण्याची. पण तेवढ्यात धावपट्टी तपासायला गेलेली जीप बाहेर यायची परवानगी मागते, एक हेलिकॉप्टर हद्द ओलांडायची परवानगी मागतं, आणि दुसऱ्या फोनवर हवामानाचा आकडा हवा असतो. मुंबईचा फोन दहा मिनिटांनी लागतो. तिथे फोन घेणारा ती गोष्ट संबंधित सेक्टरच्या, म्हणजे आकाशाच्या त्या भागाच्या, कंट्रोलरच्या कानावर घालतो. त्याने दिल्लीच्या विमानाला आधीच बाहेरून वळसा घ्यायला सांगितलेलं असतं. वळसा संपल्यावर शिर्डीची एक येणारी विमानफेरी मध्ये येते म्हणून आणखी काही मिनिटं होल्डिंग, म्हणजे हवेतच घिरट्या.

ए-३२० जातीचं विमान मिनिटाला साधारण ४० किलो इंधन जाळतं. दहा मिनिटांचा वळसा म्हणजे ४०० किलो इंधन आणि सव्वा टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. हे सगळं अशा आकाशाला टाळण्यासाठी, ज्यात त्या वेळी एकही विमान नव्हतं.

पालखेडच्या पाटावर शेती करणाऱ्याला हे लगेच कळेल. एखाद्याची पाण्याची पाळी आहे, पण त्याची मोटार जळाली. त्याने पुढच्याला वेळेत निरोप दिला नाही तर पाणी तसंच वाहून जातं, आणि खालच्या शेतकऱ्याचा ऊस सुकतो. भांडण कोणाचंच नसतं, तरी नुकसान होतं.

या सकाळी कोणीही चूक केलेली नाही, ही गोष्ट मला सर्वात महत्त्वाची वाटते. प्रत्येकाने आपल्या नियमाप्रमाणे काम केलं. म्हणून ‘अधिक काळजी घ्या’ असं परिपत्रक काढून इथे काही बदलणार नाही. नवं रडार बसवूनही बदलणार नाही. रडारला आकाशात असलेलं विमान दिसतं, रद्द झालेलं उड्डाण दिसत नाही.

देशाच्या पातळीवर हेच

भारतात या प्रश्नाची किंमत आपण फार जबर मोजली आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी चरखी दादरीच्या आकाशात दोन विमानं समोरासमोर धडकली आणि ३४९ माणसं गेली. दिल्लीत येणाऱ्या आणि दिल्लीहून निघणाऱ्या नागरी विमानांना तेव्हा एकच अरुंद मार्ग होता, कारण आजूबाजूचं बरंचसं आकाश हवाई दलाकडे होतं. त्यानंतर येण्या-जाण्याचे मार्ग वेगळे झाले आणि टक्कर टाळणारी यंत्रणा विमानांत सक्तीची झाली.

मे २०२० मध्ये केंद्रीय अर्थमंत्र्यांनी सांगितलं की भारतीय आकाशाचा फक्त ६० टक्के भाग नागरी विमानांना मोकळेपणाने वापरता येतो, आणि निर्बंध सैल केले तर वर्षाला सुमारे १,००० कोटी रुपयांचा फायदा होईल. त्यामागची कल्पना म्हणजे आकाशाचा लवचीक वापर: एखादा पट्टा कायमचा लष्करी किंवा कायमचा नागरी न मानता गरजेप्रमाणे वेळेपुरता वाटायचा. त्यातून सशर्त मार्ग निघाले, म्हणजे लष्कराला पट्टा नको असेल तेव्हा उघडणारे मार्ग. दिशा बरोबर आहे. पण मार्ग नकाशावर असणं वेगळं, आणि ‘आत्ता उघडा आहे’ हे दिल्लीत इंधन भरणाऱ्याला कळणं वेगळं. या दुसऱ्या भागात अजून खरं संशोधन हवं आहे.

यंत्रं नवी घेतली म्हणजे काम झालं, या समजाला नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीत धक्का बसला. फ्लाइट प्लॅनचे संदेश इकडून तिकडे पोचवणारी यंत्रणा बंद पडली. रडार चालू, रेडिओ चालू, तरी कंट्रोलरना प्लॅन हाताने भरावे लागले आणि ८०० हून अधिक उड्डाणांना उशीर झाला. निरोप पोचवणाऱ्या साखळीला रडारइतकंच महत्त्व आहे, हे त्या दिवसाने सगळ्यांना दाखवलं.

गगन: एकत्र संशोधन म्हणजे काय

सहकार्याने संशोधन हा शब्द आपल्याकडे सामंजस्य कराराच्या छायाचित्रापुरता उरतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण या देशाने हे काम एकदा अतिशय उत्तम करून दाखवलेलं आहे.

जीपीएसवरून मिळणारी जागा विमान उतरवायला पुरेशी भरवशाची नसते. उपग्रहाचा संदेश आयनोस्फिअरमधून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून, येताना रेंगाळतो आणि चूक काही मीटरांची होते. ती चूक जमिनीवरच्या ठिकाणांहून मोजायची, दुरुस्ती काढायची आणि भूस्थिर उपग्रहावरून विमानाला पाठवायची, ही अशा यंत्रणांची पद्धत. अमेरिका, युरोप आणि जपानने ती आधी उभी केली होती. पण त्यांची गणितं आपल्याकडे जशीच्या तशी चालेनात. चुंबकीय विषुववृत्ताजवळ दिवसा विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांमुळे हा थर वर उचलला जातो आणि दोन्ही बाजूंना उतरून साचतो. भारतात या साचलेल्या पट्ट्याचा माथा साधारण अहमदाबाद-भोपाळच्या आसपास येतो; २० अंश उत्तरेला असलेलं नाशिक त्याच्या जवळच. सूर्यास्तानंतर त्या थरात पोकळ बुडबुडे तयार होतात आणि उपग्रहाचा संदेश थरथरू लागतो. मध्य अक्षांशांच्या देशांनी थर एकसारखा पातळ मानून केलेली गणितं इथे अपुरी पडतात.

इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी मिळून यावर काम केलं. देशभर आयनोस्फिअर मोजला, आणि इस्रोने एकाऐवजी अनेक थर धरणारं स्वतःचं गणिती प्रारूप तयार केलं. हीच ‘गगन’. ३० डिसेंबर २०१३ रोजी तिला मार्गक्रमणासाठी आणि एप्रिल २०१५ मध्ये उतरण्याच्या मार्गदर्शनासाठी प्रमाणपत्र मिळालं. विषुववृत्तीय प्रदेशात असं करणारी ही जगातली पहिली यंत्रणा. शास्त्रज्ञाला आकाशातल्या थराचं ज्ञान होतं, प्राधिकरणाला विमान उतरवण्याच्या नियमांचं. एकट्याच्या हातून हे झालं नसतं.

तरीही राजस्थानातल्या किशनगडला इंडिगोचं एटीआर विमान गगनच्या आधाराने उतरलं ते एप्रिल २०२२ मध्ये. प्रमाणपत्रानंतर सात वर्षं. गगन वापरायला विमानात तसा रिसीव्हर लागतो, आणि तो खर्च विमान कंपनीचा. माझ्या मते इथे धडा स्पष्ट आहे: ज्याला शेवटी ती गोष्ट वापरायची आहे, तो पहिल्या दिवसापासून टेबलाशी नसेल तर उत्तम संशोधनही कपाटात राहतं.

युरोपने २००७ मध्ये हवाई वाहतूक व्यवस्थापनाच्या संशोधनासाठी ‘सेसार’चा संयुक्त उपक्रम काढला तेव्हा याच गोष्टीवर भर दिला. विमान कंपन्या, विमानतळ, यंत्रं बनवणारे आणि कंट्रोल चालवणाऱ्या संस्था एकाच छताखाली, आणि प्रत्येक कल्पना खऱ्या कंट्रोलरना सिम्युलेटरसमोर बसवून तपासायची. स्वीडनमधल्या अर्न्सकोल्डस्विक या छोट्या गावाचा विमानतळ २०१५ पासून सुंड्सव्हाल या दुसऱ्या शहरातून कॅमेऱ्यांच्या मदतीने हाताळला जाऊ लागला; जगातला पहिला दूरस्थ टॉवर तो. स्टॉकहोमसारख्या गजबजलेल्या ठिकाणी हा प्रयोग करायला कोणी धजावलं नसतं. छोट्या विमानतळावर मात्र नवं आणि जुनं शेजारी शेजारी चालवून पाहायला सवड मिळते.

आपल्याकडेही जमीन तयार आहे. प्राधिकरण आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स यांनी २०२२ मध्ये स्वदेशी नागरी हवाई वाहतूक व्यवस्थापन यंत्रणा एकत्र विकसित करण्याचा करार केला. हैदराबादला बेगमपेठेत प्राधिकरणाची संशोधन संस्था आहे. देशाचं वरच्या उंचीवरचं सगळं आकाश नागपुरातून एकत्र हाताळण्याचा ‘ईशान’ प्रकल्पही मांडला गेला आहे. या सगळ्यांना खरी, गुंतागुंतीची पण हाताळता येण्याजोगी जागा हवी. ती ओझर आहे.

तीन शब्दांची चाचणी

नाशिकमध्ये पहिला प्रयोग कशाचा करावा? माझं उत्तर अगदी लहान आहे. एका पट्ट्याबद्दल तीनच अवस्था सगळ्यांना एकाच क्षणी दिसाव्यात: लागणार, लागला, सुटला.

गुप्ततेची हरकत इथे येणार, आणि ती योग्यच आहे. कुठलं विमान, कशाची चाचणी, कोणता दारूगोळा, हे कोणालाही सांगायची गरज नाही. पट्टा राखल्याची नोटॅम तर आजही उघडच असते. नवीन माहिती एकच: तो वेळेआधी सुटला. टॉवरच्या कंट्रोलरने स्ट्रिप बाजूला काढली की तीच कृती मुंबई, शिर्डी, गांधीनगर आणि विमान कंपनीच्या डिस्पॅचरपर्यंत, म्हणजे उड्डाणाची आखणी करणाऱ्यापर्यंत, पोचावी. त्याला वेगळा फोन करावा लागू नये, वेगळा पडदाही बघावा लागू नये. कंट्रोलरच्या टेबलावर आणखी एक पडदा ठेवणं हे अशा प्रकल्पांचं नेहमीचं दुखणं आहे. गर्दीच्या वेळी त्या पडद्याकडे सर्वात शेवटी लक्ष जातं.

खरं संशोधन मात्र या बातमीच्या वयाचं आहे. ‘सुटला’ ही बातमी विमान दिल्लीत उभं असताना मिळाली तर फ्लाइट प्लॅन छोटा होतो, इंधन कमी भरता येतं, पूर्ण फायदा हाती येतो. विमान हवेत असताना पहिल्या तासात मिळाली तर मार्ग सरळ करता येतो, पण जास्तीचं इंधन वाहून आणण्याचा खर्च झालेलाच असतो. शेवटच्या दहा मिनिटांत मिळाली तर फार तर एक होल्डिंग वाचतं. कोणत्या टप्प्यावर बातमी मिळाली तर किती वाचतं, हे ओझरच्या खऱ्या नोंदींवरून काढलं पाहिजे. त्यासाठी एचएएलला आपल्या रद्द आणि लवकर संपलेल्या सॉर्टींच्या वेळा, फक्त वेळा, संशोधकांपुढे ठेवाव्या लागतील. गाठ इथेच आहे, आणि ती सोडवायला संगणकापेक्षा विश्वास जास्त लागेल.

चाचणी आधी शॅडो मोडमध्ये व्हावी. म्हणजे यंत्रणा शेजारी चालू राहील, पण विमानाला कोणताही क्लिअरन्स (परवानगी) तिच्या भरवशावर दिला जाणार नाही. दिवस संपला की बघायचं: फोनने बातमी कधी पोचली, यंत्रणेने कधी पोचवली, आणि यंत्रणेने एकदाही चुकीचं ‘सुटला’ दाखवलं का. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर एकदाही ‘हो’ आलं, तर पुढे जायचं नाही.

द्राक्षबाग आणि दोनशे फूट

या वाटणीत आता आणखी एक हक्कदार आला आहे, आणि त्याला विसरून चालणार नाही. जानोरी, मोहाडी, पिंपळगाव हा सगळा द्राक्षाचा टापू. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की डाउनी रोगाची भीती, आणि फवारणी त्याच दिवशी हवी. बागेत चिखल असेल तर ट्रॅक्टरचा ब्लोअर आत जात नाही. अशा वेळी ड्रोन हा शेतकऱ्याचा खरा आधार होऊ शकतो.

२०२१ च्या ड्रोन नियमांनी विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत मोकळीक दिली. ८ किलोमीटरच्या आत मात्र परवानगीशिवाय उडवता येत नाही. वेलींच्या मांडवावर जेमतेम डोक्याएवढ्या उंचीवर फिरणाऱ्या फवारणीच्या ड्रोनलाही हाच नियम. नियम बरोबर आहे. धावपट्टीच्या तोंडाशी भलतं धाडस नको. पण परवानगीला दोन दिवस लागले तर तोवर पानावर डाग पडलेला असतो. ‘लागणार, लागला, सुटला’ याच माहितीतून, धावपट्टीच्या टोकांपासून बाजूला असलेल्या बागांना ठरावीक उंचीसाठी तासाभराची परवानगी देता येईल का, हे तपासण्यासारखं आहे. त्या चाचणीत द्राक्ष बागाईतदारांचा माणूस बसलाच पाहिजे. सकाळी वारा किती वाजता सुटतो आणि औषध कधी उडून जातं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नाही.

सिंहस्थात हाच प्रश्न शहरावर येईल. ३१ ऑक्टोबर २०२६ चं ध्वजारोहण, मग ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ ची मुख्य स्नानं, तीही पावसाळ्यात, ढग खाली उतरलेले असताना. जादा विमानं, खासगी हेलिकॉप्टरं, पोलिसांचे गर्दीवर नजर ठेवणारे ड्रोन, रुग्णाला घेऊन जाणारं हेलिकॉप्टर. त्या आठवड्यांत नवीन पद्धत पहिल्यांदा वापरणं धोक्याचं ठरेल. शॅडो मोडची सगळी तपासणी त्याआधी पुरी झाली तरच ती कामाची.

परत मागण्याची मुभा

एक गोष्ट उरते, आणि माझ्या अंदाजाने चर्चा तिथेच अडेल. समजा पट्टा सुटला असं जाहीर झालं, आणि चाळीस मिनिटांत स्नॅग दुरुस्त झाला. टेस्ट पायलट पुन्हा कॉकपिटमध्ये बसला आहे. पट्टा परत मागता येणार का, आणि किती मिनिटं आधी?

हिशेब साधा आहे. दहा हजार फुटांखाली प्रवासी विमान फार तर २५० नॉट वेगाने येतं, म्हणजे मिनिटाला चार सागरी मैल. पट्टा ४० मैलांचा असेल तर ओलांडायला दहा मिनिटं. त्यावर सुरक्षेची भर घातली तर परत मागण्याची सूचना किमान पंधरा-वीस मिनिटांची हवी. एचएएलला ती लांब वाटेल, कारण इंजिन सुरू करून थांबलेल्या विमानाचं इंधनही मोजकं असतं. विमान कंपनीला ती अपुरी वाटेल, कारण परत मागणी आली तर वळशाचं इंधन हाताशी ठेवावंच लागतं. हवाई दलाला आणीबाणीसाठी शून्य मिनिटांचा वेगळा अधिकार लागेल, आणि तो द्यावाच लागेल.

हा आकडा पत्रव्यवहाराने ठरणार नाही. टॉवरचा कंट्रोलर, मुंबईचा सेक्टर कंट्रोलर, टेस्ट पायलट आणि डिस्पॅचर यांना एकाच सिम्युलेटरसमोर बसवून वीस मिनिटं, बारा मिनिटं, आठ मिनिटं असं एकेक करून बघावं लागेल, आणि ज्या आकड्यावर कोणाचाही आवाज चढणार नाही तो लिहून घ्यावा लागेल.